चौतीस अंगठे

कपुरुहामीच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन माझ्या नवऱ्याने कोयत्याने तोडली, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतील, बिसोमेणिके आपल्या घरचं तेवढं झाकून ठेवते.

कपुरुहामी आमच्या दिवुलवेवाचा वेलविदाने, म्हणजे तलावाच्या पाण्याचा पाटकरी. सरकारने हे पद कधीच मोडीत काढलं होतं. नंतर कागदावर त्याला निराळी नावं दिली, आणि ती नावंही दर पाच-सात वर्षांनी बदलली. गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मोरीचं दार उघडायचं आणि बंद करायचं ते कपुरुहामीने. कोणाच्या खाचरात पाणी किती वेळ जाईल ते तो बांधावर काठी रोवून तिच्या सावलीवर ठरवायचा. अंगाने काटकुळा, आवाज चिरका, आणि बोलायला लागला की समोरच्याला वाटावं, हा आपल्यावर खेकसतोय. तो खेकसतच असायचा.

शहात्तर साली पाऊस दगा देऊन गेला. पाणी मोजून मापून मिळत होतं. आमची पाळी संपली तसं कपुरुहामीने दार खाली घेतलं. माझा नवरा टिकिरिबंडा म्हणाला, अजून थोडं जाऊ दे. तो म्हणाला, सावली दगडाला लागली. टिकिरिबंडाने दाराला हात घातला, कपुरुहामीने तो झटकला, आणि पुढच्या क्षणी कोयता खाली आला. मी दहा पावलांवर उभी होते. बोटं पाण्याबरोबर मोरीत गेली आणि पाणी लाल झालं. कपुरुहामी ओरडलासुद्धा नाही. डाव्या हाताने दार पूर्ण खाली दाबलं, वरचा खुंटा ठोकला, मग सारोंगाचा सोगा हाताला गुंडाळून पोलिसांकडे चालत गेला. आधी दार, मग हात. असला माणूस.

खटला उभा राहिला तेव्हा गावातल्या चार म्हाताऱ्यांनी मध्यस्थी केली. कोर्टात साहेबाने विचारलं, "तडजोड करताय का?"

कपुरुहामी म्हणाला, "माझ्या बोटांपुरतं मी केव्हाच सोडलंय साहेब. पण मोरीवर उभा असतो तेव्हा मी कपुरुहामी नसतो, सरकार असतो. सरकारच्या वतीने माफ कर असं मला कोणी सांगितलेलं नाही."

टिकिरिबंडाला सहा महिन्यांची शिक्षा झाली. मी कपुरुहामीच्या अंगणात जाऊन थुंकले. त्याची बायको डिंगिरी झाडू घेऊन धावून आली आणि आम्ही दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. तो ओट्यावर बसून पान लावत होता. म्हणाला, "बिसो, तुझी पाळी परवा दुपारी आहे. फावडं घेऊन ये, उशीर करू नकोस."

त्या सहा महिन्यांत माझ्या खाचराला एक काडीभर कमी पाणी आलं नाही. एकदा शेजारच्या मुडियान्सेने माझा पाट फोडून पाणी आपल्याकडे वळवलं. बाई एकटी, नवरा तुरुंगात, कोण विचारतंय. कपुरुहामीने त्याला पाटातच लोळवला आणि फावड्याच्या दांड्याने असा बडवला की मुडियान्से आठवडाभर उताणा झोपू शकला नाही. "जिचा नवरा माझी बोटं तोडतो तिचं पाणीही तिचंच आहे, कळलं का रे?" असं प्रत्येक फटक्याबरोबर बजावत होता. मग आला आणि मलाच झापलं, "पाळीच्या वेळी घरी काय करत होतीस?"

आणखी एक गोष्ट, त्याच वर्षाची. आमचं वरचं शेत, तलावाला लागून असलेलं, गावातलं सगळ्यात मोठं. ते माझ्या बापाचं. टिकिरिबंडा घरजावई होऊन आला होता. शेतमालकांची नोंद करायला कचेरीतून वही आली तेव्हा तो मिशीला पीळ देत पुढे झाला, "माझं नाव लिही." कपुरुहामीने मान वर केली नाही. मला विचारलं, "शेत कोणाचं?" मी म्हटलं, "बापाचं." "बाप मेला. मग कोणाचं?" नवऱ्यासमोर कोण बोलणार. त्याने वहीत माझं नाव लिहिलं आणि म्हणाला, "आता सरकारलाही माहीत झालं. तुला माहीत व्हायला वेळ लागेल."

एकोणनव्वद साली कपुरुहामी अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्या वर्षी आमचं एप्रिलमधलं नवं वर्ष साजरं झालं ते तलाव एक तृतीयांश राहिलेला असताना. आणि नुसतं पाणीच आटलं नव्हतं. जंगलात लपलेली बंडखोर पोरं सरकारी माणसांना मारत होती, आणि सरकारचे सैनिक ज्याच्यावर संशय येईल त्याला मारत होते. सकाळी शहराच्या रस्त्याने जावं तर पुलाच्या कठड्याला टेकवून ठेवलेली प्रेतं. कोणाच्या गळ्यात पोरांची पाटी, कोणाच्या गळ्यात जळका टायर. दोन्ही बाजूंना आपली निशाणी ठेवून जायची हौस. आमच्या गावच्या ग्रामसेवकाला त्याच्याच उंबऱ्यावर, हातात चहाचा पेला असताना मारलं. चिंचेला पोरांचं पत्रक अडकवलेलं होतं: सरकारी बैठकीला जाईल त्याला मरण, आणि त्याची मयत गुडघ्याच्या वर उचलायची नाही. ग्रामसेवकाची पेटी आम्ही वाकून, जमिनीलगत नेली. कंबर मोडली, पण वर कोणी उचलली नाही.

अशा वेळी आम्हाला बैठक हवी होती.

तलावात पाणी थोडं असलं की आमच्याकडे बेत्म करतात. खालची शेतं पडीक ठेवायची आणि तलावाजवळचं वरचं शेत त्या हंगामापुरतं सगळ्या गावाने वाटून कसायचं. ज्याचं शेत आहे त्यालाही त्यातला एक पट्टाच. हंगाम संपला की ज्याचं त्याला परत. असं केलं तर चौतीस घरं पोटाला खातात, नाही केलं तर वरचं एकच घर कोठार भरतं आणि बाकीचे पाला उकडतात. रीत जुनी आहे, पण माणसाची जात तीच. म्हणून गावाने अंगठे द्यायचे, सरकारी अधिकाऱ्याने समोर बसून शिक्का मारायचा, आणि मग कोणी मागे फिरला तर त्याला कोर्टात खेचता येतं. शिक्का नसला तर वरचा मालक कधीही म्हणू शकतो, चला, निघा माझ्या शेतातून. आणि वरचा मालक म्हणजे मी. माझ्या आडून टिकिरिबंडा.

कपुरुहामी सायकलने चौदा मैल कचेरीत गेला. अधिकारी खिडकीची एक फळी उघडून बोलला. "मी येत नाही, म्हातारबा. माझ्या दारावरही चिठ्ठी लावलीय. तुम्ही अंगठे घेऊन या, मी इथेच शिक्का मारतो आणि मी हजर होतो असं लिहितो."

"खोटं लिहिणार?" कपुरुहामीने विचारलं म्हणे.

"तुम्हाला भात पाहिजे का खरं पाहिजे?"

हे सांगताना कपुरुहामीचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला होता. पण डिंगिरी त्याला म्हणाली, "तुझ्या खऱ्याचं लोणचं घालू का? गावात पोरं उपाशी आहेत." तेव्हा त्याने ठरवलं.

तलावाच्या देवाला, अय्यनायकाला, बांधावरच्या झाडाला दोन नवी मडकी बांधायची आमची पूजा असते. तिला पोरंही अडवत नव्हती आणि सैनिकही. त्या पूजेच्या नावाखाली गाव भर दुपारी बांधावर जमला. नारळाचं दूध उतू गेलं, मडकी बांधली, हात जोडले. मग कपुरुहामीने चंचीतून कागद आणि शाईची डबी काढली. प्रत्येकाचं नाव लिहायचा, अंगठा घ्यायचा, पट्ट्याचा आकडा सांगायचा. स्वतःला त्याने चौतिसावा पट्टा घेतला, सगळ्यात शेवटचा, जिथे पाणी पोचेल तर पोचेल. टिकिरिबंडा खाली मान घालून बसला होता. अंगठा मालकाचा लागतो, आणि वहीत मालक मी.

माझा अंगठा झाल्यावर मी कागद पाहिला. वरची जागा कोरी होती.

"मामा, इथे काय लिहिणार?"

"गावाचं नाव, हंगाम, बेत्म बैठक. असतं ते."

"वेडा झालास का? हा पोरांच्या हाती पडला तर चौतीस पेट्या जमिनीलगत ओढाव्या लागतील. ठेव कोरं."

"बिनमथळ्याचा कागद सरकार घेत नाही, बिसो."

"मग सरकारला विचार, जिवंत माणसांचे अंगठे हवेत की मेलेल्यांचे?"

बांधावर हशा पिकला. कित्येक महिन्यांत गाव एकत्र हसला नव्हता. सगळेच म्हणायला लागले, बिसो बरोबर बोलतेय, कोरं ठेव. कपुरुहामीने पेनला टोपण लावलं. "उद्या कचेरीत साहेबासमोरच लिहितो," म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं, आणि ऐकलं ते नेमकं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सायकल काढतच होता, तेवढ्यात सैनिकांचे दोन ट्रक आले. पुरुषांना बांधावर ओळीत गुडघ्यांवर बसवलं, बायकांना झाडाखाली कोंडलं. एका ट्रकमधून एक माणूस उतरवला. डोक्यावर गोणपाट, डोळ्यांपुरती दोन भोकं. तो ओळीसमोरून चालायचा आणि ज्याच्यासमोर मान हलवेल तो संपला, हे तोवर सगळ्या जिल्ह्याला ठाऊक झालं होतं. टिकिरिबंडासमोर तो थांबला, पुढे गेला. नवऱ्याच्या सारोंगाखालून ओल पसरलेली मी पाहिली. हसू आलं नाही. कपुरुहामीसमोर त्याने मान हलवली.

अधिकारी पंचविशीचा असेल, दाढी वाढलेली, डोळे झोप नसल्यासारखे लाल. त्याने विचारलं, "काल इथे सभा झाली?"

"झाली साहेब. पाण्याची."

"सरकारी माणूस कोण होता?"

"मीच."

सैनिकाने त्याच्या पाठीत बंदुकीचा दस्ता घातला. तो पुढे कोलमडला, पुन्हा गुडघ्यांवर आला.

"यादी केली म्हणे. अंगठ्यांची. आहे का?"

आता कोणीही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. पण आयुष्यभर खोटं बोलायची सवय नसली की ती ऐन वेळी कुठून येणार. कपुरुहामी म्हणाला, "आहे."

"काढ."

त्याने कमरेची चंची सोडली, कागद बाहेर काढला आणि उलगडला. आणि मग त्याला दिसलं. मला झाडाखालून दिसलं की त्याला दिसलं. चौतीस नावं, चौतीस अंगठे, वर गाव नाही, पाणी नाही, बैठक नाही. सैनिकांना असे कागद जंगलात सापडायचे, पोरांनी शपथा घेतल्याचे. ज्या गावात असा कागद सापडला त्या गावात ओळीतला एकही पुरुष उरला नव्हता. जंगलातल्या पोरांपासून वाचायला म्हणून मी जी जागा कोरी ठेवायला लावली, तिनेच आम्ही जंगलातली पोरं झालो.

त्याने एकदा बायकांच्या दिशेने पाहिलं. माझ्याकडे की डिंगिरीकडे, कळलं नाही. मग चंचीतलं पान घेतलं, त्यात कागदाची घडी ठेवली, वर चुना, आणि विडा तोंडात टाकला. इतक्या सवयीने, की अधिकाऱ्याला उमगायला दोन क्षण लागले.

मग ते त्याच्यावर तुटून पडले. दस्त्याच्या पहिल्या घावाला जबडा मोडल्याचा आवाज आम्हाला झाडाखाली ऐकू आला. एका सैनिकाने तोंडात बोटं घातली, कपुरुहामीने ती चावली आणि सैनिक किंचाळला. मोडक्या जबड्याने तो चावत राहिला. तोंडातून लाल गळत होतं, पानाचं किती आणि रक्ताचं किती ते देवाला माहीत. त्यांनी त्याला उताणा पाडला, गळा दाबला, पोटावर बूट ठेवून उभे राहिले. त्याने गिळलं. गळ्याची गाठ वर गेली आणि खाली आली.

"नावं सांग," अधिकारी ओरडला.

कपुरुहामीने तोंड उघडून दाखवलं. रिकामं. अधिकाऱ्याने त्या उघड्या तोंडात पिस्तूल घातलं आणि गोळी झाडली.

डिंगिरी धावली, तिला दस्त्याने आडवी केली. ओळीतल्यांना त्यांनी लाथा घातल्या, दोन घरं पेटवली. पण यादी नव्हती, आणि गोणपाटवाला परगावचा असावा, त्याला दुसरं कोणी ओळखू येईना. दुपार व्हायच्या आत ट्रक गेले. ट्रकच्या दारावर सिंहाचा शिक्का होता. शेतांची नोंद केली त्या वहीवर होता तोच. मी त्या दिवसापासून या दोन शिक्क्यांबद्दल विचार करतेय. एका सरकारने माझं नाव शेतावर लिहिलं, एकाने ते लिहिणाऱ्याच्या तोंडात गोळी घातली, आणि दोन्ही सरकार एकच. मला अजून समजलेलं नाही, आणि समजलं असं म्हणणाऱ्याचा मला राग येतो.

त्याची मयतही आम्ही गुडघ्याखालूनच नेली. आम्ही घाबरलेलो होतो. खोटं शौर्य कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी गाव पट्टे मोजायला दोर आणि फावडी घेऊन वरच्या शेतावर आला. टिकिरिबंडा बांधावर कोयता घेऊन उभा होता.

"कसलं बेत्म? कागद कुठाय? म्हाताऱ्याने गिळला ना? बैठक झालीच नाही. शेत आमचं, पाणी आमचं. पाय टाकेल त्याचा पाय तोडीन."

मुडियान्सेने पाय टाकला. कोयता त्याच्या दंडात हाडापर्यंत गेला. माणसं फावडी उचलून पुढे सरसावली आणि मी मध्ये गेले.

"कागद गिळला," मी म्हटलं, "अंगठा नाही गिळला. अंगठा माझा होता. मी दिलाय."

"तू गप बस, रांडे!" त्याने कोयत्याच्या मुठीने माझ्या तोंडावर मारलं. पुढचा दात तुटून जिभेवर आला. मी तो थुंकून टाकला आणि दोराचं टोक हातात घेतलं.

"शेत कोणाचं?" मी विचारलं. तेरा वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न, या वेळी उत्तरही मीच दिलं. "माझं. ओढा रे दोर."

त्याने कोयता उगारला तेव्हा चार-पाच फावडी एकदम त्याच्यावर पडली. हात मोडला, बरगडी मोडली. मी लगेच थांबवलं नाही. पुरेसे फटके बसू दिले आणि मग म्हटलं, बस. संध्याकाळी मी घराच्या उंबऱ्यावर त्याची छत्री, काठी आणि कंदील काढून ठेवला. आमच्याकडे घरजावयाला एवढं पाहिलं की बोलावं लागत नाही. तो बहिणीच्या गावी गेला, मोडका हात गळ्यात अडकवून, दोनदा मागे वळून शिव्या देत.

पट्टे आठवणीने वाटले. कोणीही कागदाचं नाव काढलं नाही. प्रत्येकाने आपला आकडा सांगितला आणि एकही माणूस खोटं बोलला नाही, चौतिसाव्या पट्ट्यावर दोर टाकताना डिंगिरी समोर उभी होती म्हणून असेल. मी तिला म्हटलं, मामी, माझा तिसरा घे, मी शेवटचा घेते. तिच्या कपाळावरची जखम अजून ओली होती. ती म्हणाली, "त्याने वाटलंय. तू कोण बदलणार?"

मोरीवर बसायला पुरुष तयार होईना. वेलविदानेचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणाले, अक्का, तूच बस, बाईला कोण मारतंय. त्या वर्षी बायकाही मारल्या जात होत्या, पण कोणीतरी बसायलाच हवं होतं. मी काठी रोवली आणि बसले.

जुलैच्या शेवटी भात पोटरीत आलं, आणि तलावाचं पाणी उतरून त्या दगडाला लागलं ज्याच्याखालचं पाणी गावाच्या पिण्याचं आणि म्हशींचं. तेहतीस पट्ट्यांना पुरेसं मिळालं होतं. चौतिसाव्याला आणखी एक पाणी हवं होतं. मी खुंटा ठोकला.

भर दुपारी डिंगिरी बांधावर आली.

"एक पाणी, बिसो. एकच. घटकाभर."

"दगड उघडा पडलाय, मामी."

"मला दिसतोय. मी आंधळी नाही."

"एकाला दिलं तर उद्या सगळे येतील. मग पाऊस येईपर्यंत प्यायचं काय?"

तिने वाळलेलं ढेकूळ उचललं आणि मला फेकून मारलं. ते खांद्यावर फुटलं. दुसरं कपाळावर बसलं, डोळ्यात रक्त उतरलं. "वर लिहिलं असतं तर तो जगला असता!" ती ओरडत होती. "पाण्याचा कागद आहे एवढं लिहिलं असतं तर! तू म्हणालीस कोरं ठेव! तू हसवलंस सगळ्यांना!"

ते खरं होतं. दोन्ही हात खुंट्यावर ठेवून बसून राहिले. ती जवळ आली, माझे हात उपटू लागली, नखांनी ओरबाडलं, दंडाला चावली. मी हात काढले नाहीत. शेवटी ती दमून तिथेच, माझ्याशेजारी मातीत बसली.

"तो असता तर त्यानेही सोडलं नसतं," ती म्हणाली. "म्हणून तर जन्मभर राग राग केला मी त्याचा."

मग उठली, लुगडं झटकलं आणि आपल्या पट्ट्याकडे न बघता घरी गेली.

तिचं भात त्याच आठवड्यात करपलं. तेहतीस घरांत पीक आलं, आणि प्रत्येक घराने सूपभर भात तिच्या ओट्यावर नेऊन ठेवला. तिने बत्तीस सुपं घेतली. माझं परत पाठवलं.